बाटलीवरील चिठ्ठी

टिकविणें हें क्रियापद आपल्या घरांत फार निरुपद्रवी मानलें जातें. लोणचें मिठानें टिकतें, मुरंबा साखरेनें टिकतो. आणि टिकविणारा पदार्थही आपण टिकलेल्या पदार्थाबरोबर आवडीनें खातों. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंत शिरतांना मात्र हा घरगुती विश्वास दाराबाहेर ठेवावा, असें मी दरवर्षीं नव्या विद्यार्थ्यांस सांगत आलों आहें.

आमच्या प्रयोगांना 'बफर' लागतो. थोडें आम्ल वा अल्क पडलें तरी आपली आम्लता फारशी ढळूं न देणारें हें द्रावण. तें दिसतें नितळ. पण ठेवून दिलें कीं त्यांत जंतु व बुरशी वाढूं लागते. म्हणून त्यांत सोडियम अझाइड घालतात. पुष्कळदां शंभर मिलिलिटरांत अवघें 20 मिलिग्रॅम, म्हणजे 0.02 टक्के. पेशींच्या श्वसनक्रियेंतील शेवटच्या एन्झाइमास तें अडवितें. परंतु तेंच एन्झाइम माणसाच्या पेशींतही आहे! तेव्हां येथें टिकविणें म्हणजे मारणें होय.

म्हणूनच पिपेट तोंडानें ओढूं नये. कोरडी भुकटी हातमोजे घालून, हवा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटांतच हाताळावी. तिला आम्लाचा स्पर्श झाला तर हायड्रॅझोइक आम्ल सुटतें. तें सुमारें 37 अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या देहाच्या उष्णतेवरच, उकळतें. मोरींत ओतलेलें अझाइड शिशाच्या वा तांब्याच्या नळांत स्फोटक क्षार होऊन सांचतें. अमेरिकेंतील व्यवसाय-आरोग्य संस्थेनें 1976 सालीं याविषयीं खास इशारा दिला होता. द्रावण ओतणारा निघून जातो. नळ दुरुस्त करावयास पुढें येणारा कारागीर मात्र त्या धोक्याशीं गांठ घालतो. यास्तव असें टाकाऊ द्रावण निराळ्या बाटलींत सांठवून योग्य विल्हेवाटीसाठीं द्यावें.

धोका देहापुरताच आहे असेंही नाहीं. हा बफर जिवंत पेशींवर घातला तर त्या मरतात. पेरॉक्सिडेज एन्झाइमावर आधारलेल्या परीक्षेंत त्यामुळें रंग फिका पडतो किंवा उमटतच नाहीं. आणि शोधीत असलेलें प्रथिन नमुन्यांत नाहींच, असा खोटा निष्कर्ष प्रामाणिक हातांनीं वहींत लिहिला जातो.

या साऱ्यांवर पहिला उपाय अगदीं साधा आहे: बाटलीवर द्रावणाचें नांव, अझाइडचें प्रमाण, तारीख आणि करणाऱ्याचें नांव लिहिणें. द्रावण करणाऱ्यास आंत काय आहे हें ठाऊकच असतें. चिठ्ठी लिहावयाची ती त्याच्यामागून ती बाटली हातीं घेणाऱ्या अनोळखी माणसासाठीं. आणि तो माणूस डोळ्यांपुढें आणण्याची संवय हें माझ्या मतें विज्ञानशिक्षणाचें एक मोठें फळ आहे.