तात्यांचा गोठा

आकाशकंदील आमच्या घरी लागत नसे, पण दिवाळी संपली की गल्लीतले फाटके कंदील मागून आणायचं काम आमचंच. कागद सोलून कामट्या सोडवायच्या आणि सुतळीने बांधून नाताळची पाच टोकांची चांदणी करायची. खळ आजी शिजवायची. मैद्याची असल्याने निम्मी धाकट्यांच्या पोटात जायची.

ही दिंडोरीतली 1970च्या आसपासची गोष्ट. सख्खी-चुलत मिळून आम्ही सात. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. डिसेंबर लागला की दिवेलागणीला अप्पा, म्हणजे आजोबा, पेटी काढत. शास्त्रातला उतारा, उपासना संगीतातलं एक गीत, मग प्रत्येकाने आपल्या शब्दांत प्रार्थना. आमची मजल ‘पेपर सोपा जाऊ दे’च्या पुढे जात नसे. आजी रेव्हरंड टिळकांची पदं जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर म्हणायची. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या, म्हणून त्यांच्याविषयी ती माहेरच्या माणसासारखं बोले. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तिने इतक्यांदा वाचून दाखवलं होतं, की टिळकांचा विसरभोळेपणा आम्हाला घरातल्या काकांचा वाटे.

मिशनच्या एका बाईंकडून आजीने एक रीत उचलली होती. पहिल्या तारखेला खोक्याची रिकामी गव्हाण कोनाड्यात मांडायची. दिवसभरात ज्याने भांडण मिटवलं, कुणाचं काम न सांगता केलं, त्याने रात्री त्यात पेंढ्याची एक काडी टाकायची. बाळाचं अंथरूण तेवढंच. एका वर्षी चोवीस तारखेला मोजून नऊ काड्या निघाल्या. धाकट्या काकाला दया आली, त्याने गुपचूप मूठभर पेंढा सारला. अप्पांनी तो काढून ठेवला. मातीचं बाळ नऊ काड्यांवर निजलं आणि आम्हा सातांना रात्री झोप नाही.

पण खरी गंमत गोठ्यात. चोवीस तारखेच्या संध्याकाळी अप्पा कंदील घेऊन आम्हाला शेजारच्या तात्यांच्या गोठ्यात नेत. तात्या माळकरी, ‘देवाचं वाचायचंय ना, मग विचारता काय?’ म्हणत आणि म्हैस जरा सरकवून बांधत. शेणामुताचा वास, रवंथ करण्याचा आवाज, पायाखाली ओल. अप्पा लूकचा दुसरा अध्याय वाचायला लागत. ‘गव्हाणीत ठेवले’ याचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगितला नाही; गव्हाण समोर होती, कडब्याने भरलेली, म्हशीच्या लाळेने ओली. एकदा देवदूत बोलत असतानाच म्हशीने मुतायला सुरुवात केली. आम्ही हसू दाबतोय, तर अप्पा थांबले, तिचं होऊ दिलं आणि शांतपणे पुढे वाचलं. तात्या म्हणाले, ‘त्या रातीला पन आसंच झालं आसंल की.’

पंचवीसला पहाटेच्या एस.टी.ने नाशिकला, शरणपूरच्या चर्चला. वाटेत अप्पांची ठरलेली गोष्ट: शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामीतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं शिकत, त्यातला जेकब वेनराइट शोधप्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवाबरोबर थेट लंडनला गेला आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला त्याने खांदा दिला. म्हणून नाताळच्या घरच्या नाटकात बाळाला भेटायला येणाऱ्या तीन मागींपैकी एक नेहमी ‘शरणपूरचा’ असे. कोळसा फासून घ्यायला आमच्यात मारामारी होई. आज कुणी तसं तोंड काळं करणार नाही, आणि ते बरंच आहे.

केक पातेल्यात व्हायचा, रव्याचा, वरखाली निखारे ठेवून. रेशनची साखर आजी आधीपासून बाजूला काढत असे. त्यातली बरीच करंज्यांना लागे, कारण दिवाळीत गल्लीतून आलेलं एकेक ताट रिकामं परत करायचं नसतं. पहिलं ताट तात्यांकडे.

तात्यांच्या मुलाने पुढे म्हशी विकून द्राक्षं लावली. गोठ्यात आता ट्रॅक्टर आणि फवारणीचा पंप. मागच्या नाताळात आमच्या नातवंडांसाठी तात्यांच्या नातवाने ट्रॅक्टर बाहेर काढला, जागा झाडली आणि पेठकडून भाताच्या पेंढ्याचा अख्खा भारा आणून टाकला. डिझेलच्या वासात मी लूक वाचायला उघडलं. एवढ्यात धाकटी नात भाऱ्याशी बसून काड्या वेगळ्या करायला लागली. म्हणाली, ‘थांबा आजोबा, माझ्या चारच होतात.’