लव्हबर्ड्सच्या माहेरी

क्रॉफर्ड मार्केटमधल्या पक्ष्यांच्या दुकानांवरून कधी ना कधी गेला असालच. नसाल, तर आपल्याच सोसायटीत जरा मान वर करून बघा. एखाद्या तरी गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी, तारेचा पिंजरा टांगलेला असतो. आत दोन-चार चिमुकले पोपट. एक निळा, एक पिवळा, एक पांढुरका. 'आमचे लव्हबर्ड्स!' असं मोठ्या कौतुकानं सांगितलं जातं. सॉरी, पण ते लव्हबर्ड्स नाहीत. खरे लव्हबर्ड्स आफ्रिकेतले. हे बजरीगर, म्हणजे दुकानदारांचे बजरी, आणि यांचं माहेर ऑस्ट्रेलिया. सिडनी-मेलबर्नच्या पोस्टकार्डात दिसतं ते नाही हं. पार आतलं, लाल मातीचं, जिथं मोबाइलला रेंज नसते आणि पुढचा पेट्रोल पंप दोनशे किलोमीटरवर असतो.

तिथं त्यांचा रंगही एकच. अंग हिरवं, तोंड पिवळं, पाठीवर काळ्या लहरी. निळे, पांढरे, जांभळट हे सगळे माणसानं पिंजऱ्यात पैदास करून काढलेले. जॉन गुल्ड या इंग्लिश पक्षीतज्ज्ञानं १८४० मध्ये जिवंत बजरी इंग्लंडला नेले आणि पुढे हा शौक जगभर पसरला. डोंबिवलीपर्यंत.

माझा मावसभाऊ अ‍ॅडलेडला आयटीत आहे. तो आणि वहिनी दोघंही पक्ष्यांसाठी ठार वेडे. 'जंगली बजरी बघायचेत ना? मग सुट्टी काढ आणि ये,' असं दादा तीन वर्षं म्हणत होता. फ्रीलान्सरला सुट्टी देणार कोण? शेवटी २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझी मीच मंजूर करून टाकली. ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा. आउटबॅकमध्ये जायचं तर हाच सीझन, उन्हाळ्यात तिथं शहाण्यानं जाऊ नये.

आमचा रस्ता होता बर्ड्सव्हिल ट्रॅक. साउथ ऑस्ट्रेलियातल्या मरी या गावापासून क्वीन्सलँडमधल्या बर्ड्सव्हिलपर्यंत ५१७ किलोमीटर, सगळा कच्चा. (मरी हे नाव फोनवर ऐकून आजीनं आधी हात जोडले. तिला मरीआईच आठवली.) अ‍ॅडलेडपासून मरीच जवळपास सातशे किलोमीटर, म्हणजे एक अख्खा दिवस खरा प्रवास सुरू होण्याआधीच जातो.

गाडीत काय काय होतं? दोन स्पेअर टायर, सॅटेलाइट फोन, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांशी बोलायला रेडिओ, वहिनीनं इंडियन स्टोअरमधून आणलेली थालीपिठाची भाजणी, आणि पाणी. दादाचा हिशेब माणशी रोज दहा लिटर, वर तीन दिवसांचं जादा. कॅन मोजता मोजता त्यानं एक गोष्ट सांगितली. १९६३ च्या डिसेंबरमध्ये, भर उन्हाळ्यात, याच ट्रॅकवर एक कुटुंब वाट चुकलं. आई-वडील आणि तीन मुलगे. पेट्रोल संपलं, पाणी संपलं, गाडी सोडून ते चालत निघाले. पाचही जण तहानेनं गेले. त्यामुळे इथला पहिला नियम असा की गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं. विमानातून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. हे त्यानं इतक्या सपाट आवाजात सांगितलं की उरलेले कॅन मी गुपचूप भरले.

मरी हे चार रस्त्यांचं, धुळीचं गाव. एकेकाळी मात्र भलतंच महत्त्वाचं. या वाळवंटात घोडे-बैल टिकत नव्हते, म्हणून १८६० पासून आपल्या बाजूचे उंट आणि उंटवाले इथं जहाजानं येऊ लागले. कराचीहून, पेशावरहून, बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण. गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट 'अफगाण' करून टाकलं. माल वाहिला त्यांनी, नाव झालं इतरांचं. मरीत त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती आहे आणि त्यांनी लावलेली खजुराची झाडं आहेत. १९८० पर्यंत रेल्वेही इथून जायची, तिचं नाव 'घॅन'. तेही या अफगाणांवरूनच. आता रूळ उखडलेत आणि जुनं इंजिन ऊन खात उभं आहे. मला या गावात आणखी अर्धा दिवस हवा होता, पण दादाच्या डोक्यात फक्त पक्षी.

गाव संपलं की एक मोठा बोर्ड लागतो. पुढचा रस्ता चालू की बंद, ते त्यावर लिहिलेलं असतं. पाऊस पडला की ट्रॅक बंद, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड. आमच्यासाठी चालू होता.

पहिला पक्षी दिसला तो बघून मी खो खो हसले. घार! आपली चर्चगेटवर घिरट्या घालते तीच, अगदी तीच जात. दुर्बीण, विमानाचं भाडं, व्हिसा, एवढं सगळं करून पहिली एंट्री घारीची. दादानं मात्र गंभीरपणे वहीत नोंद केली.

पुढं एक कुंपण आडवं येतं. डिंगो नावाच्या रानकुत्र्यांना दक्षिणेतल्या मेंढ्यांपासून लांब ठेवायला घातलेलं, ५,६०० किलोमीटर लांब. ते ओलांडलं की मेंढ्या संपतात, गुरं सुरू होतात. मग सुरू होतो 'गिबर', म्हणजे पॉलिश केल्यासारख्या तांबूस दगडगोट्यांचा सपाट माळ, क्षितिजापर्यंत. मैलोन्‌मैल झाड नाही. मध्येच समोरून धुळीचा लोट येतो. तो रोड ट्रेन असतो, पन्नास मीटरहून लांब, मागे गुरांनी भरलेले तीन ट्रेलर. आपण मुकाट बाजूला थांबायचं, काचा वर घ्यायच्या आणि धूळ बसेपर्यंत गाणं ऐकायचं.

अशा माळावर कसला आलाय पक्षी, असं वाटतं. वहिनी गाडी थांबवायला सांगते. उतरते आणि नुसती उभी राहते. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग त्यातला एक दगड चालायला लागतो! हा इनलँड डॉटरेल, आपल्या चिखल्या पक्ष्याच्या घराण्यातला. धोका वाटला की पाठ फिरवून उभा राहतो, आणि पाठीचा रंग थेट मातीचा. फोटो काढायला कॅमेरा वर करेपर्यंत तो पुन्हा दगड झालेला होता.

कूपर क्रीकशी थांबलो. क्रीक म्हटलं की ओढा वाटतो ना? ही नदी सबंध पात्र पसरून वाहायला लागली की कित्येक किलोमीटर रुंद होते आणि मग गाड्या छोट्या फेरीबोटीतून पलीकडे न्याव्या लागतात. पुराचं पाणी फारच झालं तर ते पश्चिमेला काती थंडा-लेक आयरमध्ये पोचतं. काती थंडा हे तिथल्या अरबाना लोकांचं नाव, २०१२ पासून दोन्ही नावं अधिकृत आहेत. समुद्रसपाटीच्याही पंधरा मीटर खाली असलेलं हे सरोवर एरवी मिठाचं पांढरं मैदान असतं. २०२५ च्या मार्चमध्ये पश्चिम क्वीन्सलँडला तुफान पाऊस झाला, त्याचं पाणी शेकडो किलोमीटर वाहत तिथं उतरलं आणि मैदानाचा समुद्र झाला. आणि पाणी आलं की पेलिकन येतात, हजारोंनी, किनाऱ्यापासून इतक्या आत. पाणी आल्याचं त्यांना कसं कळतं, याचं पक्कं उत्तर अजून शास्त्रज्ञांकडेही नाही. बँडेड स्टिल्ट म्हणून आपल्या शेकाट्याचा एक भाऊबंद आहे. त्याच्या पाठीवर ट्रान्समीटर लावून केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला एक पक्षी अडीच दिवसांत दोन हजार किलोमीटरहून जास्त उडाला होता. इथल्या पक्ष्यांना कायमचा पत्ताच नाही. जिथं पाणी, तिथं मुक्काम. नसलं की बाडबिस्तरा उचलायचा.

पहिली रात्र मंगेरानीला. ट्रॅकच्या साधारण मध्यावर एक हॉटेल, पेट्रोल आणि एक तळं, बस्स. ऑस्ट्रेलियाचा जवळपास पाचवा हिस्सा जमिनीखालच्या एका प्रचंड जलसाठ्यावर वसलाय. एकोणिसाव्या शतकात गुरांचे तांडे या वाटेनं रेल्वेपर्यंत हाकले जायचे, त्यांच्यासाठी ठरावीक अंतरांवर बोअर खणले गेले. पाणी इतक्या खोलून येतं की गरमच बाहेर पडतं. मंगेरानीचं तळं त्याच पाण्यावर जगतं. संध्याकाळी तिथं कोरेला नावाचे पांढरे काकाकुवे झोपायला आले आणि सहा वाजताचं दादर स्टेशन आठवलं. माणसं मात्र आम्ही धरून जेमतेम दहा. झोपायला 'स्वॅग'. हा म्हणजे आजोबांच्या जमान्यातल्या होल्डॉलचा ऑस्ट्रेलियन भाऊ. कॅनव्हासची गुंडाळी, उलगडली की आत गादी. थंडी मरणाची. पण डोकं बाहेर काढलं की आकाशगंगा इतकी जवळ की चष्म्याची गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी उत्तरेला, एका कॅटल स्टेशनवाल्यांची परवानगी घेऊन, गुरांच्या तळ्यापासून चांगलं अर्धा किलोमीटर लांब मुक्काम टाकला. लांब का? दादाचा फंडा साफ होता. आपण पाण्याला चिकटून तंबू ठोकला की गुरं येत नाहीत, कांगारू येत नाहीत, पक्षी येत नाहीत. आपल्याकडे पाण्याचे कॅन आहेत, त्यांच्याकडे एवढं एकच तळं. व्ह्यू जातो, जाऊ दे.

पहाटे अंधारात चालत जाऊन आम्ही एका झुडपाआड बसलो. बोलायचं नाही, चहा नाही, मोबाइल बंद. आधी झेब्रा फिंच आले, खेळण्यातला भोंगा वाजवावा तसे पिंपिं करत. (हेही आपल्याकडे पिंजऱ्यात विकतात.) मग शेंडीवाली कबुतरं. ऊन वर आलं. माश्यांनी नाकातोंडात घर केलं. एक तास झाला, काही नाही. मी घड्याळ बघायला लागले तेवढ्यात वहिनीनं माझं मनगट दाबलं.

आधी आवाज आला. पत्र्यावरून पावसाची सर सरकत यावी तसा. मग क्षितिजावर एक हिरवट धूर दिसला, तो वळला तर पिवळा झाला, पुन्हा वळला तर हिरवा. बजरी. शेकडो की हजारो, मोजायचं सुचलंच नाही. तळ्यावरून ते एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले. उतरेनात. कारण वर ससाणा होता. काळा फाल्कन त्या थव्यात घुसला, थवा मधोमध फाटला आणि लगेच सांधला गेला. ससाणा रिकाम्या पायांनी निघून गेला. मग ते उतरले. एकावर एक, धक्काबुक्की करत, काही तर थेट पाण्यावरच. दोन घोट, की उड्डाण. मागच्यांना जागा. वीस मिनिटांत सगळं संपलं, काठावर दोन-चार हिरवी पिसं राहिली.

मी सातवीत असताना आमच्याकडे एक जोडी होती. राजा-राणी. वाटीतलं पाणी रोज बदलायचं काम माझं होतं आणि मी ते मनापासून करायचे. संध्याकाळ झाली की दोघं जोरजोरात ओरडायचे. आम्हाला वाटायचं, खुशीत आहेत.

बर्ड्सव्हिलला रेंज आल्या आल्या आईला व्हिडिओ पाठवला. तिनं दोनदा बघितला असावा, कारण फोन उशिरा आला. 'एवढे असतात गं?' म्हणाली. 'आणि आपल्याकडे दोनच होते.' थोडं थांबून म्हणाली, 'संध्याकाळी कुणाला हाका मारायचे, कोण जाणे.' मग जेवलीस का, थंडी आहे का, हे नेहमीचं. ऑस्ट्रेलियानं आपले जंगली पक्षी विकायला बाहेर पाठवणं कधीच बंद केलंय. आपल्याकडचे सगळे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. त्यांना सोडून द्या म्हणणंही बरोबर नाही, दोन दिवसांत कावळे खातील. हे मी आईला सांगितलं. तिनं नुसतं 'हं' केलं.

बर्ड्सव्हिल तसं शंभरेक वस्तीचं गाव. १८८४ पासूनचं हॉटेल आहे, आणि एरवी सप्टेंबरमध्ये होणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींना इथं हजारो लोक उसळतात, तेव्हा तो आठवडा टाळा. जायचं तर मे ते ऑगस्ट. फोर व्हील ड्राइव्हच घ्या, भाड्यानं घेणार असाल तर कच्च्या रस्त्यावर न्यायची परवानगी करारात आहे का ते आधी वाचा. टायरची हवा थोडी कमी ठेवा, अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कांगारू थेट बॉनेटवर येतात. पक्षी ओळखायचं अ‍ॅप घरूनच डाउनलोड करून न्या. आणि माश्यांसाठी टोपीवरून घ्यायची जाळी घ्याच. तिच्यात आपण बावळट दिसतो हे खरं, पण दादानं ती घेतली नव्हती, आणि त्याच्या प्रत्येक फोटोत त्याला मिशा आहेत. त्या त्याच्या नाहीत.