घाण्याचा गुण

चकलीच्या पहिल्या घाण्याचा रंग दुसऱ्याला येत नाही. भाजणी तीच, सोऱ्या तोच, तेलाचा ताव मात्र बदललेला. जीवशास्त्रज्ञ ज्याला ‘बॅच इफेक्ट’ म्हणतात, त्याला मी घाण्याचा गुण म्हणतो. 2014 साली एका मोठ्या संशोधक-गटाने माणूस व उंदीर यांच्या अवयवांतील जनुकांची सक्रियता ताडून पाहिली. माणसाचे अवयव उंदराच्या त्याच अवयवांपेक्षा परस्परांशीच अधिक जुळतात, असा चकित करणारा निष्कर्ष निघाला. 2015 साली योआव गिलाद आणि ओर्ना मिझराही-मान यांनी नोंदी उकलल्या, तेव्हा बहुतेक नमुने प्रजातीवार निरनिराळ्या घाण्यांत तपासले गेल्याचे दिसले. घाण्याचा हिशेब धरताच अवयवाशी अवयव जुळू लागला. (अर्थात घाणा आणि प्रजाती इतकी एकजीव झाल्यावर कोणतीही दुरुस्ती निःसंशय नसते.)

पुण्यात पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना यात नवल वाटू नये. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. स. सुखटणकरांनी पोथ्यांची नुसती मोजदाद प्रमाण मानली नाही. एकाच प्रतीवरून उतरलेल्या दहा पोथ्या म्हणजे साक्षीदार एकच. परस्परांपासून स्वतंत्र अशा उत्तरेच्या व दक्षिणेच्या पोथ्या जिथे एकमुखाने बोलतात, तिथल्या पाठाला वजन.

उत्तरपत्रिकांच्या वाट्याला ही दक्षता येत नाही. एका महाविद्यालयाचा अख्खा गठ्ठा एकाच परीक्षकापुढे येतो. सरासरी घसरली तर मुले कच्ची की परीक्षक कडक, हे मागाहून कोणत्याही गणिताने ठरत नाही. गठ्ठे आधीच मिसळावेत असे सुचवले, की उत्तर मिळते: मग पुन्हा लावायचे कोणी?