अक्काचा रंग

उटण्याचा वास दरवळू लागला की मला आमच्या अक्काचे लहानपण आठवते. आई तिला माझ्यापेक्षा अंमळ जास्तच उटणे चोळायची. अक्का सावळी. 'सावळी' हा आईचा शब्द. पाहायला येणारी मंडळी 'काळी' म्हणून मोकळी होत.

ती अक्का आता साठीला आली. गेल्या वर्षी मुलाचे लग्न ठरले आणि गालांवरचे डाग, डोळ्यांपाशीच्या सुरकुत्या तिला एकाएकी दिसू लागल्या. मला न सांगता ती एका ब्यूटी पार्लरमध्ये लेसर करून आली. पंधरवड्यात डागाच्या जागी कोळशासारखा चट्टा उमटला. मग आली रडत माझ्याकडे!

मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणजे अक्काच्या लेकीच्या वयाची मुलगी. तिने छान समजावले. असला लेसर त्वचेतला रंग शोधीत जातो आणि तिथे त्याची उष्णता होते. गोऱ्या कातडीवर त्याला डाग तेवढा सापडतो. सावळ्या कातडीवर मात्र डाग कुठला नि अंगचा रंग कुठला, हे त्याला कळत नाही. आणि पोळलेली सावळी त्वचा भरून येताना आणखीच रंग ओतते. फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १९७५ साली, ऊन लागल्यावर त्वचा कशी वागते यावरून तिचे वर्ग पाडले; पुढे ते सहा झाले. आपल्यातली बरीच मंडळी चौथ्या-पाचव्यातली. अशांना १०६४ नॅनोमीटरसारख्या लांब लहरीचा किरण त्यातल्या त्यात बरा; तो वरचा रंग बराचसा चुकवून खोल उतरतो. तोही बेताने, आधी लहानशा जागी चाचणी घेऊन, आणि ऊन सांभाळून.

"पण मावशी, तुम्हांला सुरकुत्या आहेतच किती?" ती हसून म्हणाली. "या रंगानंच इतकी वर्षं तुमचं ऊन अडवलंय. गोऱ्या कातडीला त्या लवकर पडतात."

अक्का गप्प बसली. परतताना रिक्षात म्हणाली, "हे मला पाहायला आलेल्यांना कुणी सांगितलं असतं, तर!"

मी काय बोलणार? तिचा हात हातात घेतला.

डॉक्टरीणबाईंच्या मलमांनी चट्टा महिन्यामहिन्याने फिका झाला. लग्नाच्या फोटोंत तो अजून दिसतो. अक्का ते फोटो सर्वांना दाखवते. लेसरचे नाव मात्र तिने पुन्हा काढले नाही.

यंदा नरकचतुर्दशीला मीच तिला उटणे लावले. जुन्या सवयीने हात जरा जोरात फिरला, तशी ती म्हणाली,

"हळू गं. कामाचा रंग आहे तो!"