डावा हात

दूरध्वनीवर बोलणारा माणूस समोर कोणी नसतानाही हातवारे करीत असतो. हात हे बोलण्याचे केवळ अलंकार नव्हेत, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे. परंतु त्यांचे खरे मोल कळते ते वाचा गेलेल्या माणसाच्या सहवासात.

अनगोळातील माझ्या एका निवृत्त स्नेह्यांना काही वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला की शरीराची उजवी बाजू लुळी पडते. बहुतेकांची भाषाही त्याच भागात वसत असल्याने तीही दुखावते. यालाच वाचाघात म्हणतात. स्नेह्यांची घरातली मराठी गेली, कचेरीतली कन्नडही गेली. उरला तो ‘हो’ हा एक शब्द आणि डावा हात.

अशा माणसाला काही कळत नाही, असे समजणे सोपे असते. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली पॉल ब्रोका यांनी तपासलेला लबोर्न्य हा रुग्ण ‘तान’ याखेरीज फारसे काही बोलू शकत नसे. येथे किती वर्षे आहेस, असे विचारताच त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखविले. एकवीस वर्षे! उत्तर अचूक होते. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तेव्हा तो संतापला. आपली परीक्षा चालली आहे, हे त्याने ओळखले होते.

आमच्या स्नेह्यांकडे शेताचा एक तुकडा विकण्याची बोलणी चालली होती. “बाबा, देऊन टाकूया ना?” मुलाने विचारले. “हो,” ते म्हणाले. पण डावा हात मात्र आडवा हलत राहिला. वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ यांची पुष्कळदा अदलाबदल होते. सूनबाईंच्या नजरेतून तो हात सुटला नाही. त्यांनी एकेक प्रश्न सावकाश विचारला, मध्ये न बोलता उत्तराची वाट पाहिली, समजले ते पुन्हा सांगून खात्री करून घेतली. प्रत्येक वेळी हात आडवाच हलला. व्यवहार थांबला.

सर्वच रुग्णांच्या खुणा इतक्या स्पष्ट नसतात. काहींच्या शब्दांबरोबर खुणाही विस्कटतात. म्हणूनच पाहणाऱ्याची जबाबदारी वाढते. कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवून घ्यायला क्षणही लागत नाही. त्याच हाताचे म्हणणे समजून घ्यायला मात्र शेजारी बसावे लागते.