उतरताना कोणी बघत नाही

आमच्या गोविंदा पथकात मी सगळ्यात खालच्या थरात उभा राहतो. वजन ९२ किलो, मान जाड, त्यामुळे दुसरीकडे कुठे उभं करायचा प्रश्नच आला नाही. लोकांना वाटतं, हंडीची मजा आम्हाला सगळ्यात जवळून मिळते. खरं म्हणजे खालच्याला काहीच दिसत नाही. हनुवटी छातीला टेकवायची, शेजाऱ्याच्या खांद्याला घट्ट धरायचं आणि समोरच्याचे चिखलाने भरलेले पाय बघत उभं राहायचं. वर काय चाललंय ते खांद्याला कळतं. दुसरा थर चढला की वजन येतं. तिसरा चढला की ते वजन हलायला लागतं. चौथा चढला की खालच्या सगळ्यांच्या पोटऱ्या एकदम थरथरतात. हंडी फुटली हे मात्र अंगावर दही सांडल्यावरच समजतं.

वडखळ तुम्हाला माहीत असेल ते नाक्यामुळे. मुंबईहून येताना इथे एक रस्ता अलिबागला वळतो, दुसरा गोव्याकडे जातो, आणि वर्षानुवर्षं इथल्या ट्रॅफिकमध्ये अडकून लोकांनी वडखळला मनापासून शिव्या दिल्यात. आता बायपास झाल्यापासून त्या शिव्याही कमी झाल्या. नाक्याच्या आत गाव आहे, गावात आळ्या आहेत आणि श्रावणात प्रत्येक आळीला आपापली हंडी आहे. दोर एका बाजूला कुणाच्या तरी गच्चीला, दुसऱ्या बाजूला आंब्याला. क्रेन नाही, स्टेज असलंच तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं. मुंबई-ठाण्याच्या मोठ्या हंड्यांना वरच्या एक्क्याच्या कमरेला क्रेनवरून दोर सोडलेला असतो, तो आमच्याकडे नसतो. आम्ही चार थर लावतो, जोर आला तर पाच.

दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीच्या बसमध्ये मित्राने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. नॉर्वेतला एक कडा, त्याच्या टोकावर उभा असलेला माणूस, आणि पुढच्या क्षणी तो कड्यावर नाही. काही सेकंदांनी पॅराशूट उघडतं. ‘बेस जंपिंग’ म्हणतात त्याला. इमारत, अँटेनाचा मनोरा, पूल आणि कडा, या चार गोष्टींच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जोडून हा शब्द तयार झाला. कार्ल बेनिश नावाच्या अमेरिकन माणसाने आणि त्याच्या साथीदारांनी हा खेळ नावारूपाला आणला, आणि १९८४ मध्ये नॉर्वेतल्याच एका कड्यावरून उडी मारताना बेनिश गेला. विमानातून उडी मारणाऱ्याकडे दुसरं, राखीव पॅराशूट असतं. इथे उंची इतकी कमी की दुसरं उघडायला वेळच उरत नाही, म्हणून बहुतेक जण एकच घेऊन जातात. मित्र म्हणाला, “येडी आहेत ही लोकं.” बसमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या बसमध्ये आमच्या पथकातले सहा जण होते.

मला मात्र त्या येड्यांबद्दल वाचत राहावंसं वाटलं. त्याला कारण माझा चुलत भाऊ.

दादा हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. पेणच्या गणपतीबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पण आखणीबद्दल कमी लोकांना. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगते, आणि शेवटी एक माणूस बारीक ब्रश घेऊन तिचे डोळे काढतो. भुवईची रेघ एका दमात यावी लागते. मध्येच ब्रश उचलला की ते ओळखू येतं. दादा दिवसाला किती मूर्तींचे डोळे काढायचा हे तो कधी मोजत नसे, मालक मोजायचा. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा शेवटच्या दोन महिन्यांत यायचा.

आता तारखा बघा. दहीकाला श्रावण वद्य नवमीला, गणपती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. मध्ये जेमतेम दहा-अकरा दिवस. २०१९ मध्ये तर आमच्या हंडीनंतर नवव्या दिवशी गणपती बसले. म्हणजे पेण तालुक्यातली जी पोरं हंडीला थर लावतात, त्यातली कितीतरी त्याच आठवड्यात कारखान्यात रात्री जागवत असतात. हाताला सुट्टी नाही असे हे दिवस.

त्या वर्षी दादा तिसऱ्या थरात होता. हंडी फुटली. मला पाठीवर थंडगार दही जाणवलं, बेंजो आणि डीजे एकदमच सुरू झाले, माइकवरून आमच्या पथकाचं नाव पुकारलं गेलं. आमच्याभोवती कडं करून जी पोरं उभी होती, त्यांचे हात वर गेले. नाचायला. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. हंडी फुटली की हात वर जातात, लहानपणापासून सगळ्यांचे तसेच जातात. वर अजून सात जण होते. वरचा पोरगा खाली सरकला, त्याचा पाय दादाच्या ओल्या खांद्यावरून निसटला, पोराला धरायला दादाने हात सोडला आणि दोघे कड्याच्या बाहेर पडले. पोराला खरचटलंही नाही, कारण तो दादावर पडला. दादा उजव्या हातावर पडला होता.

माझ्या काकूने गर्दीतून येऊन पहिल्यांदा तो हात बघितला. “हात मोरला रं याचा,” एवढंच म्हणाली. डीजे बंद व्हायला नंतरही दोन-तीन मिनिटं लागली. कुणी तरी मधून वाट काढत जाऊन वायरच खेचली.

पेणला कच्चं प्लास्टर, मग पनवेलला ऑपरेशन, मनगटात प्लेट. गावाने काय केलं ते सांगितलंच पाहिजे. बक्षिसाचे ११,००० रुपये वाटून न घेता पथकाने सगळे वहिनीच्या हातात दिले. कारखान्यातल्या दोघांनी दादाच्या वाटच्या मूर्ती रात्री जागून पुऱ्या केल्या आणि मजुरी त्याच्या नावावर लावायला सांगितली. ऑपरेशनला रक्त लागेल म्हणून चौदा पोरं पनवेलला जाऊन बसली, लागलं नाही तरी रात्रभर बसून राहिली. महिनाभर त्यांच्या घरी कुणाच्या ना कुणाच्या घरून डबा येत होता. आमच्या पोरांवर जीव टाकणारं गाव आहे, यात मला शंका नाही.

पण सहा महिन्यांनी दादा कसा पडला हे विचारलं तर प्रत्येकाची गोष्ट वेगळी झाली होती. कुणी म्हणे पाऊस होता. (नव्हता.) कुणी म्हणे वरचं पोर घाबरलं. कुणी म्हणे त्या जागी पूर्वी काही तरी होतं, नारळ द्यायला हवा होता. नाचायला वर गेलेले हात कुणाच्याच गोष्टीत नव्हते. पुढच्या हंडीपर्यंत तर ते ‘दादाचा हात मोडला ते वर्ष’ एवढंच उरलं.

आणि इकडे ती कड्यावरून उडी मारणारी माणसं. ती यादी ठेवतात. १९८१ पासून या खेळात गेलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक, पुढे तारीख, जागा आणि काय चुकलं त्याची हकिगत. चारशेहून जास्त नोंदी आहेत त्यात. लिहिणारे बहुधा मेलेल्याचे मित्रच, तरी हकिगतीत हळहळ कमी आणि तपशील जास्त. वारा कुठून होता, पॅराशूटची घडी कशी होती, उडी मारणाऱ्याने किती उशिरा ते उघडलं. नॉर्वेच्या शेराग कड्यावरची तर आकडेमोडही झालेली आहे. १९९५ ते २००५ या काळात तिथून २०,८५० उड्या मारल्या गेल्या, त्यात ९ जण गेले, म्हणजे साधारण २,३१७ उड्यांमागे एक मृत्यू. आकडा भयंकर आहे, पण त्यांच्याकडे तो आहे. उड्या मोजल्या, म्हणून तो काढता आला. आमच्या आळीत आजवर किती वेळा थर लागले आणि किती वेळा कोसळले, हे कुणाला विचारू?

आम्ही मोजतो ते थर. महाराष्ट्रभर तेच मोजलं जातं. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, ४३.७९ फूट उंची, आणि ती गिनीज बुकात गेली. कोर्टातलं भांडणही उंचीचंच. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची आणि १८ वर्षांची मर्यादा घातली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आलं आणि २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली, १४ वर्षांखालच्यांना बंदी राहिली. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून जाहीर केलं, मृत्यू झाला तर १० लाख रुपये ठरवले. पुढच्या वर्षी ५०,००० गोविंदांच्या विम्याचा हप्ता सरकारने भरला, माणशी ७५ रुपये. चांगलंच झालं. पण साहसी खेळ म्हटल्यावर खेळ संपतो कधी, हेही ठरवावं लागेल ना? आमच्याकडे तो हंडी फुटली की संपतो. वर माणसं असतात तरी.

स्पेनमधल्या कॅटालोनियात आपल्यासारखेच माणसांचे मनोरे लावतात. कास्टेल म्हणतात त्यांना. २०१० मध्ये युनेस्कोने त्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. त्यांचा एक नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. सगळ्यात वरच्या मुलाने हात वर केला की मनोरा लागला असं मानतात, पण पुरा झाला असं नाही. त्यानंतर सगळे थर नीट उतरले तरच पूर्ण गुण. उतरताना कोसळला तर गुण कमी. त्यामुळे तिथे उतरण्याची तालीम करतात, आणि बघणारेही शेवटचा माणूस उतरेपर्यंत श्वास धरून उभे असतात. २००६ मध्ये मातारो गावात त्यांची एक बारा वर्षांची मुलगी पडून गेली. तेव्हापासून वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. आधी त्यांच्याकडेही ‘परंपरेत हेल्मेट कुठे होतं’ म्हणणारे असणारच, आपल्याकडे आहेत तसे.

उतरताना माणसं जास्त पडतात ही काही फक्त आमच्या आळीची कहाणी नाही. मुंबईत केईएमच्या डॉक्टरांनी दहीहंडीत जखमी होऊन आलेल्या १२४ जणांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निबंध लिहिला. त्यांनाही हेच दिसलं, की बहुतेक दुखापती थर उतरताना झाल्या. विचार केला तर साधी गोष्ट आहे. चढताना सगळे ताजे असतात, घाबरलेले असतात, सगळ्यांचं लक्ष असतं. उतरताना खांदे दमलेले, अंग दह्या-पाण्याने ओलं, मन बक्षिसाकडे, आणि आवाज इतका की वरचा ‘सोडतोय’ म्हणाला तरी खालच्याला ऐकू येत नाही.

आमच्याच भागात एक हंडी मात्र अशी आहे जिथे पडण्याकडे पाठ फिरवताच येत नाही. वडखळहून अलिबागकडे निघालं की पोयनाड भागात कुर्डुस गाव लागतं. तिथे हंडी विहिरीवर बांधतात. थर नाहीत. पोरं काठावरून हंडीवर झेप घेतात. फुटली तर फुटली, नाही तर नाही, पाण्यात मात्र प्रत्येक जण पडतो. बेस जंपिंगच्या जवळचं आपल्याकडे काही असेल तर ते हेच, फक्त पॅराशूटच्या जागी विहीर. मी गेलो होतो तेव्हा हंडीपेक्षा लोकांकडेच जास्त बघत बसलो. हंडी हुकली की हशा, हाताला लागली की आरडाओरडा, पण दोन्ही वेळा नजर पाण्यावर. डोकं वर येईपर्यंत तिथून कुणी हलत नाही. पुढचा पोरगाही थांबून राहतो. पडणं त्या हंडीचाच भाग आहे, म्हणून ते सगळ्यांनी धरलेलं असतं.

यंदा हे सगळं पथकाच्या बैठकीत बोलायची वेळ आली ती दादाच्या मुलामुळे. पोरगा चपळ आहे, ३४ किलोचा, एक्का म्हणून त्याच्यासारखा दुसरा नाही. चौदा पूर्ण होतील ऑक्टोबरमध्ये. हंडी ऑगस्टमध्ये. “दोन महिन्यांनी काय फरक पडतोय?” असं आमचे सगळ्यात जुने काका म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं मला अगदीच चूक वाटलं नाही. ऑक्टोबरमध्ये तो काही वेगळा पोरगा होणार नाही. पण मग कुठे तरी रेघ मारायची असते, आणि ती आमच्या सोयीने सरकवली तर तिला रेघ का म्हणायचं? वहिनी बैठकीला आली नव्हती. दादा आला होता. त्याचा उजवा तळहात अजून पूर्ण उलटा वळत नाही. आता तो डोळे काढत नाही, स्प्रेने अंगरंग मारतो. मजुरी कमी आहे. तो म्हणाला, “चढू दे, नको चढू दे, ते तुम्ही ठरवा. पण फुटल्यावर बेंजो वाजला तर मी स्वतः तो फोडीन.”

यावर बरीच हुज्जत झाली. फुटल्याबरोबर वाजलं नाही तर हंडीला मजा काय, हा मुद्दा खरा आहे. त्या एका क्षणासाठीच गुरुपौर्णिमेपासून आम्ही रोज रात्री शाळेच्या मैदानात चिखल तुडवतो. शेवटी ठरलं ते असं. पोरगा यंदा चढणार नाही. बेंजोवाल्याला शेवटचा माणूस खाली आल्यावरच हात दाखवायचा. कड्यातल्या पोरांनी तोवर हात वर करायचे नाहीत, केले त्याला तालमीनंतरचा वडापाव नाही. आणि एक वही ठेवायची. कधी थर लावले, कितीचे, उतरताना काय झालं. पहिल्या महिन्यात वहीत २६ ओळी झाल्या, त्यात चार वेळा कोसळणं, चारही वेळा उतरताना. त्यातला एक मी. म्हणजे माझा गुडघा.

वही पोराकडे दिली आहे. चढायला मिळालं नाही म्हणून दोन दिवस तो कुणाशी बोलला नव्हता. आता मैदानाच्या कडेला छत्रीखाली उभा राहतो आणि वरचा हात वर झाला की मोठ्याने मोजायला लागतो, वर उरलेली माणसं. खाली मान घालून उभा असताना मला दुसरं काही कळत नाही, त्याचा आवाज तेवढा येतो. “सात... सहा... काका हलू नका, पाच...”