रायफलीच्या नळींतील तांबें

१९४८ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेंत आमचे गोंदियाचे विद्यार्थी चांदमारी शिकतात, आणि ती आटोपतांच नळी घासत बसतात. आई चिंचेनें तांब्याचा हंडा लख्ख करिते, तद्वत् हेंही, अशी समजूत! परंतु सरावाच्या ०.२२ रायफलीची गोळी बहुधा शिशाची. तेथें तांबें कोठून साचणार? ०.३०३ च्या गोळीस मात्र ताम्रमिश्रित कवच असतें. त्याचा अंश नळीच्या पीळदार खांचांस चिकटतो. अमोनियायुक्त द्रावणाची चिंधी निळी निघाली, म्हणजे तें ओळखावें. तथापि गोळ्या लक्ष्यावर विखरूं लागल्याखेरीज तें काढण्याची घाई आम्हांस मान्य नाहीं. गजाच्या अति घर्षणानें नळीचें तोंड झिजतें, आणि तें पुन्हां भरून येत नाहीं. आमच्याकडील पावसाळ्यांत खरा वैरी गंज. त्यासाठीं तेलाची चिंधी नित्य फिरवावी, व नेम धरण्यापूर्वीं नळी कोरडी पुसावी.